पाटीवरील ‘ग म भ न’ आणि चिनी अक्षरांची जोडणी

मराठी घरातील मूल अक्षरओळखीला बसते, तेव्हा त्याच्या पाटीवर ‘क’ क्वचितच पहिला येतो. पहिला येतो ‘ग’, आणि त्यामागून ‘म’, ‘भ’, ‘न’. वर्णमालेचा शास्त्रशुद्ध क्रम बाजूला ठेवून आपल्या शिक्षकांनी हा वेगळा क्रम स्वीकारला, त्याला कारण आहे. या चारही अक्षरांच्या उजव्या अंगाला तीच उभी रेघ आहे. एक अक्षर हाताला वळले की पुढच्या अक्षराचा अर्धा भाग आधीच येत असतो. ‘व’ साधला की त्याच्या पोटात एक तिरपी रेघ ओढून ‘ब’ होतो आणि उजवीकडे एक वळण दिले की ‘क’ होतो. ‘र’ आणि ‘व’ शेजारी बसले की ‘ख’ तयार होतो. अक्षर अखंड गिळायचे नसून त्याचे अवयव ओळखायचे असतात, हा धडा मराठी मूल नकळत पहिल्याच इयत्तेत शिकते.

पुण्याच्या आणि दिल्लीच्या काही विद्वानांनी विसाव्या शतकात चिनी लिपी आत्मसात केली, तिचा इतिहास पाहताना हा पाटीवरचा धडा वारंवार आठवतो. चिनी भाषेला मुळाक्षरेच नाहीत, हजारो चित्रे पाठ करावी लागतात, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. चिनी अक्षरे हजारोंनी आहेत. परंतु ती ज्या घटकांतून जुळवली जातात, ते घटक काही शेकड्यांतच आहेत. हे घटक ओळखणाऱ्याला चिनी पान वाचता येऊ लागते, आणि भारतीय अभ्यासकाच्या बाबतीत तर त्या पानावर पुष्कळदा आपलेच हरवलेले काही सापडते.

या घटकांचा पहिला मोठा हिशेब चीनमध्येच झाला. हान राजवटीतील शू शेन या पंडिताने इसवी सनाच्या १०० च्या सुमारास ‘श्वोवन जियेत्सू’ नावाचा कोश सिद्ध केला आणि १२१ मध्ये तो सम्राटाला सादर झाला. त्यात ९,३५३ अक्षरे असून ती ५४० घटकांखाली लावलेली आहेत. पुढे १६१५ मधील एका कोशाने ही संख्या २१४ वर आणली. १७१६ मध्ये पूर्ण झालेल्या खांगशी सम्राटाच्या कोशाने तीच व्यवस्था कायम केली. त्या कोशात सत्तेचाळीस हजारांहून अधिक अक्षरे आहेत, पण ती शोधण्याच्या वाटा मात्र २१४ च. अक्षरातील मुख्य घटक ओळखायचा, उरलेल्या भागातील रेघा मोजायच्या आणि त्या संख्येखाली अक्षर शोधायचे. अकारविल्हे नसलेल्या लिपीत कोश पाहण्याची ही सोय चीनने शोधून काढली आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरली.

जोडणीची रीत समजण्यास काही सोपी उदाहरणे पुरेशी आहेत. एक उभी रेघ, तिला छेदणारी आडवी रेघ आणि खाली दोन्ही बाजूंस उतरणाऱ्या दोन फांद्या, हे झाले ‘झाड’. दोन झाडे शेजारी काढली की ‘राई’, आणि दोनांवर एक अशी तीन झाडे रचली की ‘घनदाट अरण्य’. झाडाशेजारी माणसाची खूण उभी केली की ‘विसावा’. वाटसरू झाडाला टेकून बसला आहे, असे चित्र त्यात सहज दिसते. परंतु अशी चित्रमय अक्षरे थोडी. दहांपैकी आठांहून अधिक अक्षरे दुसऱ्या रीतीने बनलेली आहेत. त्यांत एक घटक अर्थाचे क्षेत्र सांगतो आणि दुसरा उच्चाराचा अंदाज देतो. ‘नदी’ या अर्थाचे ‘हे’ हे अक्षर घेऊ. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब आहेत आणि उजवीकडे ‘के’ हा घटक. ‘के’ चा स्वतःचा अर्थ ‘शक्य’ किंवा ‘मान्य’ असा आहे. नदीशी त्याचा काही संबंध नाही. तो केवळ ध्वनीसाठी बोलावलेला पाहुणा आहे. शू शेनने या रीतीचे उदाहरण म्हणून हेच अक्षर दिले होते. हा ‘के’ पुढेही भेटणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

या जोडणीच्या कारखान्यात भारताचाही हात लागलेला आहे. बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला, तेव्हा त्याच्यासोबत संस्कृत आणि प्राकृत शब्दांचा मोठा भार गेला. जे शब्द चिनी भाषेत नव्हते, ते तेथील भाषांतरकारांनी ध्वनी जुळवून लिहिले. ‘बुद्ध’ लिहिण्यासाठी माणसाच्या खुणेशेजारी ध्वनीचा घटक बसलेले अक्षर त्यांनी योजले. आज त्याचा उच्चार ‘फो’ होतो. ‘संघ’ या शब्दाचे ‘सेंग’ झाले, त्यातही डावीकडे माणूसच उभा आहे, कारण संघ माणसांचा. ‘स्तूप’ लिहिताना मातीची खूण घेतली गेली आणि ‘ता’ हे अक्षर तयार झाले. आज चिनी माणूस कोणत्याही मनोऱ्याला ‘ता’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी सांची आणि भारहूतच्या स्तूपांचाच शब्द असतो. बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या ‘मारा’ साठी ‘मा’ हा ध्वनी देणारा, तागासारख्या वनस्पतीचा घटक निवडला गेला. आरंभी त्याखाली ‘दगड’ लिहीत असत. त्या जागी ‘भूत’ बसवण्याची सूचना लिआंग राजवटीच्या वू सम्राटाने केली, असे परंपरा सांगते. हा सम्राट ५०२ ते ५४९ या काळात राज्य करीत होता. आज चिनी भाषेत राक्षस, जादू, मायावी अशा कितीतरी शब्दांत हेच अक्षर वावरते.

सातव्या शतकात युआन श्वांग भारतात आला आणि फिरत फिरत दक्षिणेत उतरला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात केले आहे. तेथील लोक मानी आहेत, उपकाराची जाण ठेवतात आणि अपमानाचा सूड घेतात, हा त्याचा अभिप्राय शालेय पुस्तकांमुळे मराठी वाचकाला परिचित आहे. त्या प्रदेशाचे नाव त्याने चार अक्षरांत लिहिले; आजच्या उच्चारात ते साधारण ‘मो-हे-ला-छा’ असे होते. हे नाव म्हणजे ‘महाराष्ट्र’. यातले पहिले अक्षर उघडून पाहावे. ‘मारा’ मध्ये होता तोच तागाचा घटक येथेही वर आहे, मात्र खाली भुताऐवजी ‘हात’ आहे. दुसऱ्या अक्षरात डावीकडे ‘वाणी’ ची खूण आहे आणि उजवीकडे, नदीच्या अक्षरात भेटलेला तोच ‘के’. म्हणजे ‘महाराष्ट्र’ या नावातील ‘महा’ चौदाशे वर्षांपूर्वी ज्या सुट्या भागांतून चिनी कागदावर उभा राहिला, ते भाग आजचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो.

शब्दांबरोबर ग्रंथही गेले, आणि या कथेतील खरा प्रश्न तेथे सुरू होतो. भारतात रचलेल्या शेकडो बौद्ध ग्रंथांच्या मूळ प्रती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. मठ उजाड झाले, भूर्जपत्रे आणि ताडपत्रे झिजली, परंपरा तुटली. त्यातील पुष्कळ ग्रंथ केवळ चिनी आणि तिबेटी भाषांतरांत टिकून राहिले. जपानी विद्वान बुन्यिऊ नानजिओ यांनी १८८३ मध्ये ऑक्सफर्ड येथे चिनी त्रिपिटकाची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात १,६६२ ग्रंथांची नोंद होती. पुढे १९२४ ते १९३४ या काळात जपानमध्ये ‘ताइशो’ आवृत्ती छापली गेली आणि हे भांडार जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचले. आपल्या पूर्वजांनी काय विचार केला, हे जाणण्यासाठी भारतीय अभ्यासकाला आता परक्या लिपीच्या दारात उभे राहणे भाग होते. संस्कृत आणि पाली येणे पुरेसे नव्हते.

महाराष्ट्रात या दाराशी प्रथम पोहोचलेल्यांपैकी एक म्हणजे प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीच्या अध्ययनाची जी परंपरा रुजवली, तिच्यातूनच बापट पुढे आले. कोसंबींनी आयुष्याचा मोठा भाग बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातील ग्रंथासाठी वेचला होता. बापटांनी त्याच ग्रंथाच्या मागे जाणारी वाट धरली. ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा, उपतिस्स या स्थविराच्या नावावर असलेला एक ग्रंथ होता. त्याची मूळ संहिता उपलब्ध नव्हती. मात्र फूनान देशातून आलेल्या संघपाल या भिक्षूने सहाव्या शतकाच्या आरंभी त्याचे चिनी भाषांतर केले होते. ते झाले लिआंग वू सम्राटाच्या राजधानीत, म्हणजे ज्याच्या नावावर ‘मारा’ मधील भुताची कथा सांगितली जाते, त्याच सम्राटाच्या आश्रयाखाली.

या ग्रंथाचे चिनी नाव चार अक्षरांचे आहे: ‘जिये-तुओ-दाओ-लुन’. पहिल्या अक्षरात शिंग, सुरी आणि बैल असे तीन घटक आहेत. बैलाचे शिंग सुरीने सोडवणे, यावरून ‘सोडवणे, मोकळे करणे’ हा अर्थ आला. दुसऱ्यात शरीराची खूण आणि ध्वनीचा घटक आहे. ‘अंगावरून उतरवणे, निसटणे’ असा त्याचा आशय. ही दोन मिळून झाली ‘विमुक्ती’. तिसरे अक्षर ‘दाओ’. आपण ज्याला ‘ताओ’ म्हणून ओळखतो, ते हेच. त्यात ‘मस्तक’ आणि ‘चालणे’ असे दोन घटक आहेत आणि अर्थ आहे ‘मार्ग’. चौथ्यात ‘वाणी’ ची खूण असून त्याचा अर्थ ‘विवेचन’. चार अक्षरांचे अवयव सुटे करताच ‘विमुत्तिमग्ग’ हे पाली नाव चिनी वेषातून बाहेर येते.

बापटांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हा अभ्यास प्रबंधरूपाने केला आणि ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ यांची त्यांनी केलेली तौलनिक चिकित्सा १९३७ मध्ये पुण्यात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. माणसाच्या स्वभावप्रकारांची चर्चा करताना बुद्धघोष ‘काही जण असे म्हणतात’ एवढेच सांगून एका मताचा उल्लेख करतो. नाव घेत नाही. धम्मपालाच्या टीकेत मात्र नोंद आहे की हे ‘काही जण’ म्हणजे ‘विमुत्तिमग्गा’ त लिहिणारा उपतिस्स. मूळ ग्रंथ हाताशी नसताना ही नोंद पडताळणार कशी? ती पडताळण्याची सोय चिनी भाषांतराने करून दिली. बुद्धघोषाच्या आधीही अशा मार्गग्रंथाची परंपरा होती, हे बापटांना दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून मांडता आले. एका मराठी अध्यापकाने घटक मोजून, रेघा मोजून, कोश उलटून वाचलेल्या पानांमुळे पाली वाङ्‌मयाच्या इतिहासातील एक दुवा जुळला.

हे काम त्या एका ग्रंथावर थांबले नाही. ‘अर्थपदसूत्र’ या चिनी ग्रंथाचे त्यांचे भाषांतर विश्वभारतीने प्रसिद्ध केले. विनयपिटकावरील पाली अट्ठकथेचे पाचव्या शतकातील चिनी रूपांतर त्यांनी जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने इंग्रजीत आणले. ते १९७० मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने छापले. पुण्याचा अध्यापक, टोकिओचा पंडित, मध्ये चिनी पान आणि त्याच्या मुळाशी पाली भाषा, असा हा संगम होता.

बापटांच्या जीवनातील दिल्लीचे पर्व १९५६ च्या आसपास सुरू होते. त्या वर्षी बुद्ध परिनिर्वाणाची २,५०० वर्षे साजरी झाली. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने त्या निमित्ताने बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांचा आढावा घेणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे संपादक बापट होते आणि प्रास्ताविक डॉ. राधाकृष्णन यांचे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत, अलीपूर रोडवरील निवासस्थानी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बुद्धवचन मुळातून जाणण्याची आस आता विद्वानांच्या वर्तुळापुरती राहिली नाही. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांशी तिचे नाते जडले. १९५७ मध्ये दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययन विभाग स्थापन झाला आणि त्याची धुरा बापटांकडे आली. पुढे ती वाहणारे प्रा. वासुदेव विश्वनाथ गोखले हेही फर्ग्युसनचेच. जर्मनीत शिकताना त्यांनी ‘अक्षरशतक’ हा छोटा बौद्ध ग्रंथ चिनी आणि तिबेटी भाषांतरांच्या आधारे १९३० मध्ये जर्मन भाषेत आणला होता. राजधानीतील या विद्यापीठीय विभागाच्या उभारणीत चिनी लिपी जाणणारे दोन मराठी अध्यापक एकामागून एक लाभले, ही गोष्ट दिल्लीतील मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

ग्रंथाची वाट सोडून चिनी अक्षरांपाशी पोहोचलेले मराठी लोकही होते. राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. पथकातील प्रत्येकाला चिनी नाव मिळाले आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. कोटणिसांचे नाव ‘के दिहुआ’ झाले. यातला ‘के’ लिहिताना डावीकडे झाड काढतात आणि उजवीकडे तोच परिचित घटक, जो नदीत आहे आणि युआन श्वांगने लिहिलेल्या ‘महाराष्ट्र’ या नावात आहे. ‘दि’ या अक्षराच्याही डाव्या अंगाला झाडच आहे. कोटणीस युद्धभूमीवर चिनी भाषा शिकले, त्या भाषेत रुग्णांशी बोलू लागले, विद्यार्थ्यांना शल्यक्रिया शिकवू लागले. जखमी सैनिकाला वेदना कुठे आहे हे विचारण्यासाठी दुभाषी शोधत बसण्याएवढी सवड तेथे नव्हती. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत ‘हुआ’ हे अक्षर फुललेल्या वनस्पतीच्या जुन्या, रेघाबहुल रूपात लिहीत. आज चीनमध्ये छापताना त्याचे सोपे रूप वापरतात. त्यात वर ‘हुआ’ असाच ध्वनी देणारा घटक आणि खाली ‘दहा’ चे चिन्ह आहे. माणूस तोच, नाव तेच. त्या नावाच्या विटा मात्र मधल्या काळात बदलल्या.

तिसरी वाट राज्यव्यवहाराची. स्वातंत्र्य मिळाले आणि दोन वर्षांत चीनमध्येही नवी राजवट आली. दिल्लीच्या परराष्ट्र खात्याला चिनी वाचणारी, बोलणारी माणसे हवी होती. पेकिंग विद्यापीठात चिनी शिकलेले व्ही. व्ही. परांजपे या गरजेच्या वेळी उपयोगी पडले. ऑक्टोबर १९५४ मध्ये पंडित नेहरू चीनला गेले, तेव्हा माओ त्से तुंग यांच्याशी झालेल्या बोलण्यात दुभाष्याचे काम परांजप्यांनी केले. त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी झालेला, पंचशील तत्त्वे नोंदवणारा करार हिंदी, चिनी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिला गेला होता. अशा कागदावर एका अक्षरातील एखादा घटक चुकीचा वाचला गेला, तर त्याची किंमत देशाला मोजावी लागते. बापटांच्या अभ्यासिकेत चुकलेले अक्षर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता आले असते. परांजप्यांच्या कामात ती सवलत नव्हती.

घटकांच्या विचाराचा आणखी एक प्रवासी नागपूरमार्गे दिल्लीला आला. डॉ. रघुवीर हे मूळचे पंजाबचे. लाहोरात त्यांनी सरस्वती विहार ही संस्था काढली, पुढे ती नागपुरात आणली आणि शेवटी दिल्लीत हौज खास येथे स्थिर केली. भारतीय संस्कृतीच्या खुणा शोधत ते १९५५ मध्ये चीनला जाऊन आले होते. परंतु सामान्य माणसापर्यंत त्यांचे नाव पोहोचले ते पारिभाषिक शब्दांमुळे. संस्कृतमधील सुमारे ५२० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय यांच्या जुळणीतून लक्षावधी शब्द सिद्ध होऊ शकतात, अशी त्यांची मांडणी होती. ‘धा’ या एका धातूतून विधान, संविधान, विधायक, अभिधान, परिधान, निधान असे शब्द कसे निघतात, हे पाहिले की त्या मांडणीचे मर्म कळते. चिनी पंडिताने पाण्याच्या तीन थेंबांतून नदी, समुद्र, सरोवर, लाट यांची अक्षरे बांधली. भारतीय पंडिताने एका धातूतून शासनव्यवहाराचे शब्द बांधले. दोन्हीकडे कसब एकच: थोडी सामग्री नीट ओळखणे आणि तिच्यातून विपुल घडवणे. रघुवीरांचे पुष्कळ शब्द बोजड म्हणून टाकले गेले, काही लोकांच्या तोंडी बसले. चिनी अक्षरांच्या इतिहासातही असेच घडले आहे. जे वापरात रुळले ते टिकले.

१९६२ च्या युद्धानंतर दिल्लीत चिनी भाषेच्या अध्ययनाचा संदर्भ पालटला. ज्या शेजाऱ्याशी वैर झाले, त्याची भाषा आपल्याला पुरेशी येत नाही, ही जाणीव बोचरी होती. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात चिनी अध्ययनाचे केंद्र सुरू झाले. पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी भाषेचे वर्ग बहरले. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे संस्थापक तान युन-शान यांचे पुत्र तान चुंग यांनी या दोन्ही विद्यापीठांत अध्यापन केले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. नालंदाच्या वाटेने आलेले अध्ययन आणि सीमेच्या चिंतेतून उपजलेले अध्ययन, असे दोन प्रवाह राजधानीत शेजारी वाहू लागले. दोन्ही प्रवाहांतील विद्यार्थ्याच्या वहीचे पहिले पान मात्र सारखेच होते: माणूस, झाड, पाणी, मुख, हात, सूर्य, चंद्र.

या रीतीच्या मर्यादाही इतिहासाने दाखवून दिल्या आहेत. घटकांवरून गोष्ट रचणे सोपे असते आणि गोष्ट स्मरणात राहते. परंतु स्मरणात राहणारी प्रत्येक गोष्ट खरी नसते. ‘आई’ या अर्थाच्या ‘मा’ या अक्षरात स्त्रीशेजारी घोडा आहे. त्यावरून आईला घोड्यासारखे राबावे लागते, असा अर्थ कोणी काढला तर तो फसेल. घोडा तेथे केवळ ‘मा’ या ध्वनीपुरता आहे. खुद्द शू शेनही काही ठिकाणी चुकला. त्याच्याही हजार वर्षांहून अधिक आधीचे, कासवाच्या पाठीवर आणि हाडांवर कोरलेले लेख १८९९ पासून उजेडात आले आणि त्याच्या कित्येक व्युत्पत्ती नव्याने तपासाव्या लागल्या. १९५६ नंतर चीनने अक्षरे सोपी केली, तेव्हाही काही जुने घटक गळाले. ‘प्रेम’ या अक्षराच्या मध्यभागी पूर्वी ‘हृदय’ होते, ते नव्या रूपात राहिले नाही. बापटांसारख्या अभ्यासकाने शिकलेली जुनी रूपे आणि आजच्या विद्यार्थ्याची नवी रूपे यांत म्हणूनच अंतर पडले. प्राचीन ग्रंथ वाचू पाहणाऱ्याला दोन्ही शिकल्यावाचून गत्यंतर नाही.

चिनी शासनाने २०१३ मध्ये प्रमाण अक्षरांची यादी जाहीर केली. तिच्यात ८,१०५ अक्षरे असून त्यांतील ३,५०० पहिल्या श्रेणीत, म्हणजे नित्य व्यवहाराची, मानली जातात. आकडा मोठा वाटतो. पण मराठी मुलालाही बाराखडी, जोडाक्षरे, रफार, रकार यांची शेकडो रूपे ओळखावी लागतातच. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांत मूळची व्यंजने डोळ्याला दिसतही नाहीत, तरी ते मूल अडत नाही. कारण त्याला सुटे भाग आधी दिलेले असतात आणि जोडणी नंतर शिकवलेली असते. तो क्रम उलटा केला, तर सोपी लिपीही अवघड होते.

दिल्लीसारख्या बहुभाषी शहरात मुलाला मराठी माध्यमात घालताना पालकांच्या मनात एक धास्ती असते. मातृभाषेत शिकलेले मूल पुढे जगाच्या भाषांत मागे तर पडणार नाही ना, ही ती धास्ती. बापट, गोखले, कोटणीस यांची चरित्रे तिला उत्तर देतात. ही माणसे मराठीत वाढली. पाली, संस्कृत, इंग्रजी, जर्मन, तिबेटी, चिनी यांपैकी ज्या भाषेची गरज पडली, ती त्यांनी पुढे कष्टाने मिळवली. पहिली लिपी जिच्या पक्की बसते, त्या हाताला दुसरी लिपी अनोळखी असली तरी तिच्याकडे पाहावे कसे, हे ठाऊक असते: आधी अवयव ओळखावेत, मग जोडणी पाहावी, आणि अर्थाची घाई करू नये.

युआन श्वांगने आपल्या भूमीचे नाव लिहिले, तेव्हा एका परक्या ध्वनीसाठी त्याने आपल्या लिपीतले जुनेच सुटे भाग हाती घेतले. तेराशे वर्षांनी चिनी लोकांनी एका सोलापूरच्या डॉक्टरचे नाव लिहिले आणि त्यांच्या हाताला तोच एक भाग पुन्हा सापडला. बापटांनी त्याच भागांच्या आधाराने उलटा प्रवास केला आणि हरवलेला ग्रंथ परत आणला. या साऱ्या प्रवासाचा आरंभ शोधू गेल्यास तो विद्यापीठात सापडत नाही. तो सापडतो पाटीवर ओढलेल्या त्या एका उभ्या रेघेत, जी ‘ग’ मध्ये एकदा साधली की ‘म’, ‘भ’, ‘न’ मध्ये पुन्हा भेटते.